बारीक बेल्ट कुठे मिळतो?

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्यात बोहरी आळीत सँडिंग बेल्ट मागितला, की पहिला प्रश्न येतो, "किती नंबर?" ८०, १२०, फार तर ३२० म्हटले तर माल बहुधा लगेच समोर येतो. १००० म्हटले की बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेले असते: त्या नंबरात पेपर मिळेल, बेल्ट नाही. यात दुकानदाराचा काही दोष नाही. त्याच्याकडून बेल्ट नेणारे लोक म्हणजे सुतार, ग्रिल-गेट बनवणारे फॅब्रिकेटर, छोटे वर्कशॉपवाले. लाकूड रंगासाठी तयार करायचे असो की वेल्डिंगचा टाका साफ करायचा असो, त्यांचे काम ३२० च्या अलीकडेच संपते. चाकूला मनासारखी धार लावू पाहणाऱ्याचे काम मात्र तिथून पुढे सुरू होते.

बेल्टवर धार लावण्याचे यंत्र अगदी साधे असते. एक मोटर, दोन-तीन पुली आणि त्यांच्यावरून फिरणारा अखंड पट्टा. गल्लोगल्ली सायकल घेऊन फिरणारे धारवाले ज्या चाकावर सुरी धरतात, त्या चाकाचा दाणा एकच असतो. त्याच्यावरच धातू घासून काढायचा आणि त्याच्यावरच धार उतरवायची. बेल्ट मात्र काही सेकंदांत बदलता येतो, त्यामुळे एकाच यंत्रावर भरड, मध्यम आणि बारीक असे टप्पे घेता येतात. चाक झिजून लहान होत जाते आणि त्याचा कडेचा वेगही कमी होत जातो, बेल्टला ती अडचण नाही. शिवाय लांब बेल्टचा प्रत्येक भाग पात्याला घासून पुन्हा फिरून येईपर्यंत हवेत थोडा थंड होतो. अमेरिकेतल्या चाकू बनवणाऱ्यांनी २ × ७२ इंच हे माप जवळजवळ प्रमाण मानले आहे. टेबलावरच्या छोट्या यंत्रांना १ × ३० इंची बेल्ट लागतो, आणि हातात धरून चालवायच्या फाइल सँडरला १० × ३३० मिलिमीटरचा. हा शेवटचा अरुंद बेल्ट विळ्याच्या आणि कोयत्याच्या आतल्या बाकातही शिरतो. तिथे सपाट निसणा कधीच नीट बसत नाही.

बारीक बेल्ट शोधणारा माणूस सगळे लक्ष नंबरावर ठेवतो. माझ्या मते नंबर तिसऱ्या क्रमांकावर ठेवायला हवा. बेल्ट जितका बारीक, तितका त्याचा जॉइंट महत्त्वाचा, त्यानंतर त्याचे बॅकिंग, म्हणजे कणांखालचे कापड किंवा कागद, आणि मग नंबर. तरीही सुरुवात नंबरापासूनच करावी लागते, कारण पैसे सर्वांत जास्त तिथेच वाया जातात.

नंबर सांगणाऱ्या पद्धती एकाहून जास्त आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. युरोपातल्या उत्पादकांच्या फेपा या संघटनेच्या मापात नंबराच्या आधी 'पी' लागतो. त्या मापात पी४०० चे कण सरासरी ३५ मायक्रॉनचे, पी६०० चे २५.८, पी१००० चे १८.३, पी१२०० चे १५.३, पी२००० चे १०.३ आणि पी२५०० चे ८.४ मायक्रॉनचे असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अमेरिकेतल्या जुन्या मापातला ६०० नंबर मात्र साधारण १६ मायक्रॉनचा, म्हणजे फेपाच्या पी१२०० च्या जवळचा. जपानी पाणदगडावर लिहिलेला १००० नंबर ११ ते १५ मायक्रॉनच्या दरम्यान कुठेतरी पडतो. म्हणजे एकाने '६०० च्या बेल्टवर सुंदर धार आली' असे सांगितले आणि दुसऱ्याने आपल्या बाजारातून पी६०० आणला, तर दोघांच्या बेल्टवरच्या कणांत दीडपटीहून जास्त फरक असू शकतो. म्हणून बारीक माल मागताना नंबरापेक्षा मायक्रॉन विचारावेत. विक्रेत्याला ते सांगता आले नाहीत, तर निदान पाठीवर 'पी' छापला आहे का ते पाहावे.

हे कण मोजतात कसे, तेही इथेच सांगायला हवे. पी२२० पर्यंतचे दाणे चाळणीने वेगळे करता येतात. पी२४० पासून पुढे चाळणी निरुपयोगी ठरते, कारण इतक्या बारीक जाळीत कण अडकून बसतात. तिथे पाण्याची मदत घेतात. कुरडयांसाठी गव्हाचा चीक निवळायला ठेवला की जड भाग आधी तळाशी बसतो आणि हलका वर तरंगत राहतो, त्याच तत्त्वावर घर्षककणांची प्रतवारी होते. मोठा कण लवकर बुडतो, लहान उशिरा. बुडण्याच्या वेळेवरून आकार कळतो. भिंगे घासणारे कारागीर एमरीची पूड याच रीतीने पाण्यात निवळून वेगवेगळ्या प्रतींची करत असत. बारीक बेल्ट महाग का, याचे निम्मे उत्तर इथे आहे. भरड दाण्यांत एखादा मोठा दाणा आला तर लाकडावर एक ओरखडा वाढतो. १० मायक्रॉनच्या कणांत ४० मायक्रॉनचा एकच कण घुसला, तर तो प्रत्येक फेऱ्याला धारेत खाच पाडतो.

कठीण कण वापरून धार लावणे आपल्याला नवे नाही. कुरुंदाची पूड लाखेत मिसळून साण बनवण्याची रीत भारतात जुनी आहे. शिकलगार आणि रत्ने घासणारे कारागीर अशाच साणी वापरत. कुरुंद म्हणजे निसर्गात सापडणारा अॅल्युमिनियम ऑक्साइड, मोह्सच्या कठीणतेच्या मापावर ९. आजच्या बहुतेक बेल्टांवर तोच पदार्थ असतो, फक्त विजेच्या भट्टीत तयार केलेला. दुसरा मोठा घर्षक म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. एडवर्ड अॅचेसन यांनी अमेरिकेत १८९१ मध्ये तो भट्टीत तयार केला आणि त्याला कार्बोरंडम हे नाव दिले. रायगड जिल्ह्यात उरणजवळच्या मोरा इथे १९४१ मध्ये ग्राइंडवेल कंपनी सुरू झाली आणि भारतात ग्राइंडिंग चाके बनू लागली. पुढे ती ग्राइंडवेल नॉर्टन झाली. मद्रासला १९५४ मध्ये कार्बोरंडम युनिव्हर्सल आली. या दोन नावांचे बेल्ट आणि पेपर आजही आपल्या बाजारात सर्रास दिसतात.

बेल्टच्या मालाचे थर साधारण असे असतात: तळाला कापड, कागद किंवा पॉलिएस्टरची फिल्म, तिच्यावर राळेचा पहिला थर, त्यात रुतलेले कण, आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारा राळेचा दुसरा थर. कण वरून भुरभुरले तर ते आडवे-तिडवे पडतात. म्हणून कारखान्यात उच्च दाबाच्या विद्युत क्षेत्रातून कण खालून वर खेचले जातात, ते उभे राहतात आणि टोक बाहेर ठेवून ओल्या राळेत रुततात. राळ वाळली की सगळा माल ताठ होतो. मग त्याला मुद्दाम वाकवून राळेच्या थरात असंख्य सूक्ष्म भेगा पाडतात, म्हणजे तो लहान पुलीवरूनही वळू शकतो. अतिशय बारीक मालात कण वेगळे न रुतवता राळेतच कालवून त्या मिश्रणाचा थर देण्याचीही पद्धत आहे.

आधीच्या काळात राळेऐवजी जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस वापरत, आणि तो पाण्यात विरघळे. पाणी लावून घासता येईल असा कागद बाजारात आला तो १९२१ मध्ये. फिलाडेल्फियातले शाईचे उत्पादक फ्रान्सिस ओकी यांनी अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीला पत्र लिहून त्यांच्याकडच्या घर्षक दाण्यांचे नमुने मागवले. कच्चा दाणा मागणारे हे गिऱ्हाईक आहे तरी कोण, म्हणून कंपनीने चौकशी केली. ओकी यांनी जलरोधक कागद तयार केला होता. कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि ओकी यांनाही आपल्याकडे घेतले. मोटारीच्या रंगकामातली धूळ या कागदामुळे खूप कमी झाली. आज हार्डवेअरच्या दुकानात १००० आणि १५०० नंबरचा जो काळा वॉटर पेपर सहज मिळतो, तो याच वंशातला. तो पेपर मिळतो आणि बेल्ट मिळत नाही, कारण बेल्टमध्ये एक गोष्ट जास्त असते. ती म्हणजे जॉइंट.

जॉइंटचे गणित एकदा करून पाहण्यासारखे आहे. १ × ३० इंची बेल्टची लांबी ७६२ मिलिमीटर. या मापाची काही यंत्रे सेकंदाला सुमारे १६ मीटर वेगाने पट्टा फिरवतात. म्हणजे एका सेकंदात जॉइंट पात्याखालून २१ वेळा जातो. समजा जॉइंट बाकीच्या पट्ट्यापेक्षा फक्त ०.१ मिलिमीटरने उंच आहे. ते १०० मायक्रॉन झाले. बेल्ट पी८० असेल तर त्याचे दाणे २०० मायक्रॉनचे, त्यांत ही उंची हरवून जाते. बेल्ट पी१२०० असेल तर दाणे १५ मायक्रॉनचे आणि उंचवटा त्यांच्या साडेसहापट. मग पट्ट्यावरचे कण काय काम करतात याला फारसा अर्थ उरत नाही. सेकंदाला २१ वेळा पात्याला ठोका बसतो, सुरी हातात थरथरते, कोन हलतो आणि धारेचा अगदी शेवटचा भाग वाकतो किंवा तुटतो. बोटाला ही टकटक स्पष्ट जाणवते. 'बारीक बेल्ट लावला आणि धार आधीपेक्षा खराब झाली' ही तक्रार धार लावणाऱ्यांत वारंवार ऐकू येते. तिच्यामागे पुष्कळदा जॉइंट असतो आणि दोष नंबराला दिला जातो.

जॉइंटचे मुख्य प्रकार दोन. एकात पट्ट्याची दोन टोके एकमेकांवर चढवून चिकटवतात. चढवलेल्या जागेचे दाणे आणि बॅकिंगचा काही भाग आधी घासून काढतात, तरी थोडा उंचवटा राहतोच. अशा बेल्टच्या पाठीवर बाण छापलेला असतो. पट्टा उलटा फिरवला तर वरचे टोक पात्याला अडकून उचकटू शकते, त्यासाठी तो बाण. दुसऱ्या प्रकारात दोन टोके एकाच तिरक्या किंवा नागमोडी रेषेत कापून समोरासमोर भिडवतात आणि पाठीमागून पातळ, पण ताणाला मजबूत अशी टेप चिकटवतात. हा बेल्ट दोन्ही दिशांना चालतो आणि वरची बाजू सपाट राहते. धारेसाठी पी४०० च्या पुढे फक्त हाच प्रकार घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. छेदही तिरका हवा. सरळ आडव्या छेदात पूर्ण जॉइंट एकाच क्षणी पात्यावर येतो, तिरक्या छेदात तो हळूहळू सरकत जातो.

जॉइंटनंतर बॅकिंग. कापडी बॅकिंगच्या वजनांना इंग्रजी अक्षरे दिलेली आहेत. 'एक्स' आणि 'वाय' जाड आणि ताठ, 'जे' पातळ आणि लवचीक. बारीक कामाला 'जे' लागते. कापडाची वीण स्वतःच खडबडीत असते, तिचा उंचसखलपणा खूप बारीक कणांच्या थरातून वर जाणवतो. पॉलिएस्टरची फिल्म याउलट काचेसारखी सपाट असते, म्हणून काही मायक्रॉनचे कण तिच्यावर नीट बसतात. पण ती कापडासारखी वळत नाही आणि तिच्या कडेला एकदा चीर गेली की पट्टा क्षणात फाटतो. कागदी बॅकिंग स्वस्त पडते, पण अरुंद बेल्टला लागणारा ताण त्याला फार काळ सोसत नाही.

बारीक बेल्टच्या जगात खरा बदल झाला तो पिरॅमिडच्या रचनेमुळे. थ्रीएमचा ट्रायझॅक्ट हा त्यातला सर्वांत परिचित माल. यात कणांचा एकच थर नसतो. कण राळेत कालवून त्या मिश्रणाचे सारख्या आकाराचे छोटे उंचवटे बॅकिंगवर साच्यातून उठवलेले असतात. वरचा भाग झिजला की आतले ताजे कण उघडे पडतात. साध्या बेल्टची पहिली काही मिनिटे फार आक्रमक असतात आणि मग तो मंदावत जातो. हा माल शेवटपर्यंत बराचसा एकसारखा चालतो. याचे नंबर 'ए' अक्षराने सुरू होतात आणि तो आकडा साधारण मायक्रॉनच्या जवळचा असतो. ए४५ म्हणजे पी४०० च्या आसपास, ए१६ म्हणजे पी१२०० च्या आसपास. इथे आकडा कमी होत जाईल तसा बेल्ट बारीक होतो, हे मागवताना ध्यानात ठेवावे.

असा माल चाकूंसाठी बनलेला नाही. जगात चाकूला बेल्टवर धार लावणारे लोक इतके थोडे आहेत, की त्यांच्यासाठी कुणी वेगळा माल काढणार नाही. बारीक बेल्टचा खप होतो तो क्रोम चढवण्याआधी नळ घासणाऱ्या कारखान्यांत, शस्त्रक्रियेची हत्यारे आणि कृत्रिम सांधे गुळगुळीत करणाऱ्या कामात, टर्बाइनच्या पात्यांवर, स्टेनलेसच्या भांड्यांवर. म्हणून शोधही त्या दिशेने घ्यावा. हार्डवेअरच्या किरकोळ दुकानापेक्षा जिथे बफिंग-पॉलिशिंगची कामे चालतात, त्या भागातला पुरवठादार गाठावा. भाईंदर स्टेनलेस भांड्यांसाठी ओळखले जाते. भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातही धातूवरच्या बारीक फिनिशची कामे होतात.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे थेट कन्व्हर्टर गाठणे. घर्षक माल बनवणाऱ्या कंपन्या तो मोठ्या रुंद रोलमध्ये विकतात. कन्व्हर्टर तो रोल हव्या त्या रुंदीत चिरतो, हव्या त्या लांबीत कापतो आणि जॉइंट मारून बेल्ट तयार करून देतो. म्हणजे २ × ७२ इंचासारखे आपल्याकडे अनोळखी माप त्याच्यासाठी अडचण नसते. त्याला ५० × १८३० मिलिमीटर एवढेच सांगायचे. अडचण असते ती नगांची. यंत्र लावायचे तर त्याला किमान काही नगांची ऑर्डर लागते. धार लावणाऱ्या दोघा-चौघांनी मिळून एकाच मापाची ऑर्डर दिली, तर त्यांचेही भागते आणि कन्व्हर्टरचेही. ऑर्डर देताना नंबराबरोबर 'जे' कापड, टेपचा भिडवलेला जॉइंट, तिरका छेद आणि यंत्राचा वेग एवढ्या गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. यातले काही सांगितले नाही, तर तो सवयीप्रमाणे लाकडी कामाचा ताठ बेल्ट बनवील, आणि त्यात त्याची चूक नसेल.

घरी बेल्ट बनवता येतो का? येतो, पण मर्यादा ओळखून. बारीक बेल्टवर जोर फार कमी द्यायचा असतो, म्हणून हाताने केलेला जॉइंट मंद यंत्रावर टिकू शकतो. भरड बेल्ट आणि मोठी मोटर यांसाठी मात्र घरगुती जॉइंटच्या वाटेला जाऊ नये. वेगात तुटलेला पट्टा चाबकासारखा अंगावर येतो.

कापडी बॅकिंगच्या बारीक रोलची पट्टी घ्यावी. जुन्या बेल्टवरून लांबी मोजावी. दोन्ही टोके एकमेकांवर अचूक ठेवून, पोलादी पट्टी दाबून, धारदार ब्लेडने एकाच फटक्यात तिरका छेद घ्यावा. दोन वेळा वेगवेगळे कापले तर टोके कधीच नीट भिडत नाहीत. टेपसाठी पाठीमागची जागा साध्या काचपेपरने खरडून स्पिरिटने पुसावी. गोंद लवचीक हवा. पॉलियुरेथेनचा चालतो. झटकन चिकटणारा सायनोअॅक्रिलेट मोहात पाडतो, पण तो वाळला की ठिसूळ होतो. पट्टा प्रत्येक फेऱ्यात पुलीवर वाकतो आणि सरळ होतो, त्या हालचालीत ठिसूळ गोंद तडकतो. जॉइंट दोन सपाट धातूच्या पट्ट्यांमध्ये, मध्ये बेकिंग पेपर घालून, क्लॅम्पने दाबावा आणि एक पूर्ण दिवस हलवू नये. नंतर यंत्रावर चढवून, स्वतः पट्ट्याच्या रेषेतून बाजूला उभे राहून, पात्याशिवाय काही मिनिटे फिरवून पाहावा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

दुसरी रीत याहून जुनी आणि माझ्या मते जास्त शहाणी आहे. कोऱ्या पट्ट्यावर कण आपणच चढवायचे. शेफील्डमध्ये चाकू आणि कात्र्यांचे पॉलिश करणारे कारागीर लाकडी चाकावर चामडे चढवत, त्यावर गरम सरस लावत आणि ते चाक एमरीच्या पुडीतून फिरवत. थर झिजला की पुन्हा सरस, पुन्हा एमरी. आज हीच कल्पना बेल्टवर वापरता येते. सुती, लिननचा किंवा चामड्याचा कोरा बेल्ट घ्यायचा आणि त्याला कंपाउंड (वाहकात कालवलेले बारीक कण) लावायचे. सरसासारख्या वाहकातले, तेल नसलेले कंपाउंड कांडीच्या रूपात मिळते. ते फिरत्या पट्ट्यावर टेकवले की चिकटते, थोड्या वेळात वाळते आणि पट्टा खऱ्या अर्थाने बारीक सँडिंग बेल्ट होतो. चामड्यासाठी बफिंगची हिरवी वडी चालते. तिच्यातला हिरवा पदार्थ क्रोमियम ऑक्साइड असतो. डायमंड पेस्ट ६, ३ आणि १ मायक्रॉनमध्ये मिळते आणि लिननवर किंवा चामड्यावर उत्तम बसते. व्हॅनेडियम जास्त असलेल्या पोलादांना तर हिऱ्याला पर्याय जवळजवळ नाही, कारण त्या पोलादातले व्हॅनेडियम कार्बाइडचे कण अॅल्युमिनियम ऑक्साइडहून कठीण असतात. साधा बेल्ट मऊ पोलाद घासून नेतो आणि ते कण तसेच राहतात.

काहीजण झिजलेला बेल्ट उलटा करून त्याच्या कापडी पाठीला कंपाउंड लावतात. युक्ती चांगली आहे, पण आतल्या बाजूला गेलेले कण पुलीचे रबर खातात. पूर्ण गुळगुळीत झालेला बेल्टच यासाठी घ्यावा.

बेल्ट मिळाला किंवा बनवला, तरी तो चालतो ते वेगावर. ५० हर्ट्झच्या आपल्या विजेवर साधी चार पोलची मोटर मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते. तिला ५० मिलिमीटर व्यासाची पुली लावली तर पट्ट्याचा वेग सेकंदाला पावणेचार मीटर येतो, १०० मिलिमीटरची लावली तर साडेसात. दोन पोलच्या २८८० फेऱ्यांच्या मोटरवर तीच १०० मिलिमीटरची पुली १५ मीटर वेग देते. घडणीच्या कामाला हा वेग योग्य आहे, तयार सुरीच्या धारेला घातक. सुरीचे पोलाद पाणी दिल्यानंतर बहुधा १८० ते २२० अंश सेल्सिअसला पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढलेला असतो. धार लावताना तापमान त्याच्या वर गेले तर तेवढा भाग मऊ पडतो. पाते निळे पडले म्हणजे तापमान ३०० अंशांच्या जवळ गेले, हे सगळे जाणतात. पण धारेचा शेवटचा भाग इतका पातळ असतो, की तो तापून पुन्हा थंड होईपर्यंत डोळ्याला रंग दिसतही नाही. बारीक आणि झिजलेला बेल्ट इथे भरड बेल्टपेक्षा धोकादायक ठरतो, कारण तो कापतो कमी आणि घासतो जास्त. पावणेचार मीटरचा वेग, प्रत्येक फेरीनंतर पाण्यात बुडवणे आणि नुसत्या बोटांनी पाते धरणे ही तिन्ही पथ्ये पाळावीत. बोटाला चटका जाणवला की थांबावे. धारेची दिशाही नेहमी पट्टा जिकडे जातो तिकडेच ठेवावी. पट्ट्याच्या समोरून धार नेली तर ती बेल्टमध्ये रुतते.

किती बेल्ट लागतात, याबद्दल मी काटकसरीच्या बाजूचा आहे. स्वयंपाकघरातल्या सुरीला, जिचा कोन दर बाजूला १५ ते २० अंशांचा असतो, तीन टप्पे पुरतात. धार तुटलेली असेल तर पी२४०, मग पी४०० किंवा ए४५, मग पी१२०० किंवा ए१६, आणि शेवटी कंपाउंड लावलेले चामडे. टोमॅटोची साल आणि भोपळी मिरची कापायला किंचित दातेरी धार जास्त उपयोगी पडते, म्हणून पुष्कळ सुऱ्यांना पी६०० नंतर थेट चामड्यावर न्यावे. मासे साफ करायच्या सुरीला किंवा रंधा-पटाशीला मात्र पूर्ण बारीक जावे.

बारीक बेल्टचे शेवटचे काम असते ते बर काढणे. बर म्हणजे घासताना धारेच्या काठावर दुसऱ्या बाजूला वळलेली धातूची किनार. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीतले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होव्हेन यांनी २००४ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धारांची चित्रे घेऊन एक अभ्यास प्रसिद्ध केला. दाढीच्या ब्लेडची धार अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास जाड असते, हे त्यात दिसते. कोऱ्या चामड्यावर घासून फारसा फरक पडत नाही, क्रोमियम ऑक्साइड लावलेल्या चामड्यावर पडतो, हेही त्यांनी दाखवले. म्हणून महागड्या अतिबारीक बेल्टांच्या मागे लागण्याआधी चामड्याचा एक बेल्ट घ्यावा, असा माझा सल्ला असतो. त्या एका पट्ट्याने जो फरक पडतो तो पी१२०० आणि पी२५०० मधल्या फरकापेक्षा मोठा असतो.

आणि एवढ्या खटपटीने जमवलेले बेल्ट सांभाळायचे कसे? कोकणात आणि मुंबईत हा प्रश्न नंबराइतकाच मोठा आहे. उत्पादक बेल्ट साठवण्यासाठी २० अंशांच्या आसपासचे तापमान आणि ४० ते ५० टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता सुचवतात. पावसाळ्यात इथे हवेत त्याच्या जवळजवळ दुप्पट ओलावा असतो. कापड आणि कागद ओल शोषून फुगतात, राळेचा थर तेवढा फुगत नाही, म्हणून पट्टा पन्हाळीसारखा वळतो आणि पुलीवर कडेने चालतो. टेपचा गोंदही ओलाव्याने कमजोर होतो. बेल्ट खिळ्याला टांगू नयेत, तिथे कायमची मोड पडते. जाड पाइपवर टांगावेत, किंवा घडी न करता सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावेत. बारीक बेल्ट भरड बेल्टांसोबत एका पिशवीत टाकू नयेत, तिकडचा एक दाणा इकडे चिकटला की त्याचे ओरखडे पात्यावर उमटत राहतात. वळलेला पट्टा कोरड्या खोलीत एक-दोन दिवस ठेवला तर बहुधा सरळ होतो. त्यानंतरही जॉइंट हाताने वाकवून पाहावा. टेपची कड उचललेली दिसली तर तो बेल्ट यंत्रावर चढवू नये. खरेदी करताना पाठीवर किंवा खोक्यावर उत्पादनाची तारीख छापली आहे का तेही विचारावे. दोन पावसाळे गोदामात काढलेला बेल्ट निम्म्या किमतीतही घेऊ नये.